सीमेवरची फाईल

बिलोली तालुक्यातला माणूस मोठ्या दवाखान्याला निघाला की त्याच्या हातात एक कॅरीबॅग असते. आत सरकारी दवाखान्याचा चुरगळलेला केस पेपर, नांदेडच्या लॅबचा रक्ताचा रिपोर्ट, बोधनच्या डॉक्टरची चिठ्ठी, निजामाबादचं इंग्रजी डिस्चार्ज कार्ड, तेलुगू अक्षरांच्या पाकिटातला एक्स-रे. सगळ्यात वर मेडिकलची बिलं, कारण पैसा तिथं गेलेला असतो. रिपोर्ट घडीवर फाटलेला. सोनोग्राफीच्या गुळगुळीत कागदावरचं चित्र उन्हानं उडालेलं. डॉक्टर विचारतात, "मागं काय सांगितलं होतं?" की सोबतचा माणूस अख्खी कॅरीबॅग टेबलावर उपडी करतो आणि म्हणतो, "बघा साहेब, ह्याच्यातच असंल."

या कॅरीबॅगवर आता ब्लॉकचेनचा उपाय सांगितला जातो. रुग्णाची माहिती ब्लॉकचेनवर टाका. मग ती कुणाला चोरता येणार नाही, कुणाला बदलता येणार नाही आणि देशात कुठंही उघडेल, असं स्टार्टअपवाले सांगतात, परिषदांत सादरीकरणं होतात. या तीन दाव्यांपैकी एक खरा आहे, एक अर्धाच खरा आहे आणि एकाचा ब्लॉकचेनशी फारसा संबंध नाही. कोणता कुठला, हे पुण्या-मुंबईपेक्षा बिलोलीत लवकर कळतं. इथल्या आजाऱ्याचे कागद दोन राज्यांत विखुरलेले असतात आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालेल असा एक साहेब कुठंच बसलेला नाही.

मांजरा ओलांडली की तेलंगणा. सरळ रेषेत पाहिलं तर बिलोलीला नांदेडपेक्षा निजामाबाद जवळ, आणि बोधन त्याहून जवळ. १९४८ पर्यंत दोन्ही तीर निजामाच्याच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेवर राज्यं पडली तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण त्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही देगलूर तालुक्यातली मंडळं, तसंच मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं आंध्र प्रदेशात गेली. नकाशावर रेघ आली, सोयरिकी तशाच राहिल्या. आजही इकडची लेक तिकडं दिली जाते, तिकडचा जावई इकडच्या जत्रेला येतो. मध्यंतरी धर्माबाद-बिलोलीकडच्या काही गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली, तीही भाषेसाठी नव्हती. पलीकडच्या योजना बऱ्या वाटत होत्या, एवढंच कारण.

आरोग्याच्या योजनाही दोन. पलीकडं २००७ पासून आरोग्यश्री. अलीकडं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्याच्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. तीच पुढं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. प्रत्येक योजनेचा संगणक आपापल्या रुग्णाला ओळखतो. पलीकडं त्याच माणसाला काय झालं होतं, हे त्याच्या गावीही नसतं.

बिलोली भागातली एक लेक बोधनकडं दिली आहे असं धरू. दिवस गेले, नाव तिकडं नोंदलं गेलं. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे आणि बाळंतविड्याचं सामान देण्याची योजना तेलंगणानं २०१७ मध्ये सुरू केली. सुरू करताना ठरलेली रक्कम मुलगा झाल्यास १२ हजार, मुलगी झाल्यास १३ हजार रुपये होती. तेव्हा सासर म्हणतं, बाळंतपण इकडंच करा. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्या-आठव्या महिन्यात ती इकडं येते. आशाताई तिचं कार्ड मागते, तर कार्ड सासरी राहिलेलं. इकडं दुसरं कार्ड निघतं. आधारवर माहेरचं नाव, तिकडच्या कार्डावर सासरचं. लग्नात पहिलंही नाव बदललेलं असलं तर संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका झाल्या. रक्तगटाची तपासणी तिकडं झालेली असते, नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणतो, "बी का ओ, असंच कायतरी लिहिलेलं हाय."

त्या रक्तगटापुढं उणेचं चिन्ह असलं आणि पोटातल्या बाळाचा गट अधिकचा असला, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत त्या बाईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर हे बाळ सुखरूप राहतं, पुढच्या बाळाच्या जिवावर बेततं. नीट बाळंतपण झालं तर रक्तगट पुन्हा तपासला जातो, हे खरं. घाईत, रात्री, रस्त्यात झालं तर कुणाच्या लक्षात राहतं?

आता योगायोग पाहा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं कागद मागितले तर डॉक्टरनं ते ७२ तासांत द्यायचे असतात. इंजेक्शनची मुदत ७२ तास, कागद मिळण्याची मुदतही ७२ तास. नियम तंतोतंत पाळला गेला तरी पलीकडचा कागद हातात येईपर्यंत वेळ टळलेली असू शकते. माहिती एका दवाखान्यातून दुसऱ्यात त्या क्षणी जावी, हा हट्ट हौसेचा नाही तो यासाठी.

ब्लॉकचेन म्हणजे नेमकं काय, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावणं सगळ्यात सोपं. तलाठ्याची फेरफार नोंदवही त्यानं पाहिलेली असते. जमीन विकली, वारसा लागला, बोजा चढला, की फेरफार पडतो. जुन्या मालकाचं नाव सातबाऱ्यावरून खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक टाकून नवं नाव घेतात. कुणाचं नाव कधी आलं, कशानं आलं, कधी गेलं, सगळी साखळी मागं मागं वाचता येते. ब्लॉकचेनही तेवढंच करतं: जुनं पुसत नाही, नवं पुढं जोडतं. फरक इतकाच की ही वही एका तलाठ्याच्या कपाटात नसते. तिच्या हुबेहूब प्रती अनेकांकडं असतात. एकानं रात्रीतून पान बदललं तर बाकीच्यांच्या प्रतीशी ते जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. तलाठ्याच्या एकाच वहीचा अनुभव ज्याला आहे, त्याला या फरकाची किंमत वेगळी सांगायला नको.

पान बदललं हे यंत्राला कळतं ते ठशावरून. समजा, रिपोर्टवर हिमोग्लोबिन ६.८ लिहिलं आहे. गरोदर बाईच्या बाबतीत सातच्या खाली म्हणजे गंभीर रक्तक्षय. हा अख्खा रिपोर्ट एका ठरलेल्या गणितातून काढला की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते, तो त्याचा ठसा. कुणी मागाहून ६.८ चे ८.६ केले, दोन आकड्यांची नुसती अदलाबदल, बाकी कागद तोच, तर ठसा थोडासा बदलत नाही, पूर्ण निराळा होतो. आणि ठशावरून उलटं जाऊन रिपोर्ट वाचता येत नाही. साखळीवर फक्त ठसा ठेवायचा. रिपोर्ट दवाखान्याच्या संगणकात राहू द्यायचा. प्रत्येक नव्या पानात आधीच्या पानाचा ठसा गुंफलेला असतो, म्हणून त्याला साखळी म्हणायचं.

ही कल्पना बिटकॉइनच्याही आधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये डिजिटल कागदावर तारखेचा न बदलणारा शिक्का कसा मारावा, याचा शोधनिबंध लिहिला. पुढं त्यांच्या कंपनीनं १९९५ पासून आठवड्याभराच्या सगळ्या ठशांचा मिळून एक ठसा न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातींच्या रकान्यात छापायला सुरुवात केली. घरोघरी गेलेलं वर्तमानपत्र कोण परत गोळा करून बदलणार? आपल्याकडं वकील जाहीर नोटीस पेपरात देतात, त्याच चालीची ही युक्ती. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावानं बिटकॉइनचा आराखडा आला आणि ही साखळी पैशाला जोडली गेली. तेव्हापासून ब्लॉकचेन म्हटलं की लोकांना झटपट श्रीमंती किंवा फसवणूक आठवते. इथं दोन्हीचा संबंध नाही.

आता चोरीचं बोलू. आरोग्याची माहिती फुटण्यात महाराष्ट्र मागं नाही. २०१६ च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे सुमारे ४३ हजार रिपोर्ट इंटरनेटवर कुणालाही वाचता येतील असे पडलेले सापडले. त्यांत एचआयव्हीच्या तपासण्याही होत्या. ग्रीनबोन या जर्मन कंपनीनं जगभरच्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या उघड्या सर्व्हरांची पाहणी केली. तिच्या २०२० च्या सुरुवातीच्या अहवालात भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. तीन लाखांवर रुग्णतपासण्या आणि जवळपास सात कोटी चित्रं, पासवर्डशिवाय उघडी. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली, आणि देशातलं सगळ्यात नावाजलेलं रुग्णालय कित्येक दिवस वही-पेनावर चाललं.

या तिन्ही ठिकाणी ब्लॉकचेन असतं तर काय झालं असतं? पहिल्या दोन्हींत काहीच नाही. तिथं दार सताड उघडं होतं. पासवर्ड लावणं, एवढंच काम होतं आणि तेच झालं नव्हतं. एम्समध्ये परत मिळालेली माहिती जशीच्या तशी आहे की फिरवलेली, एवढं ठशांवरून तपासता आलं असतं. गेलेली माहिती ठशांतून परत येत नाही, त्यासाठी दुसरीकडं ठेवलेली प्रत लागते. म्हणजे चोरी रोखणं हे या तंत्राचं काम नाही. जो कुणी ते काम त्याच्या नावावर विकतो, त्याला दवाखान्याच्या सर्व्हरचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते विचारावं.

उलट, रुग्णाची माहितीच साखळीवर चढवली तर नवीच आफत. साखळीवरचं पुसता येत नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानं माणसाला आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क दिला आहे. आज जे कुलूप अभेद्य वाटतं ते वीस वर्षांनी उघडणारच नाही, याची हमी कोण देणार? बाईनं कधी गर्भपात केला, माणसाला कधी मनोविकाराच्या गोळ्या चालू होत्या, ही नोंद कायमची दहा संगणकांवर कोरून ठेवणं हा गुन्हा नसला तरी आगाऊपणा नक्की आहे. आजार साखळीवर जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

मग साखळीवर जावं तरी काय? एस्टोनिया हा युरोपातला चिमुकला देश याचं उत्तर बरंच आधी देऊन बसला आहे. लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या नांदेड जिल्ह्याची ३३ लाख ६१ हजार होती. २००७ मध्ये या देशावर मोठा सायबर हल्ला झाला. त्यानंतर गार्डटाइम या तिथल्याच कंपनीचं ठशांच्या साखळीचं तंत्र सरकारी नोंदींना लावायला सुरुवात झाली, आणि २०१६ मध्ये दहा लाखांवर आरोग्यनोंदींसाठी ते घेतलं गेलं. नोंदी साखळीवर नाहीत. नोंदींचे आणि त्यांना कुणी कधी हात लावला याचे ठसे साखळीशी बांधलेले. एस्टोनियाचा नागरिक आपल्या खात्यात जाऊन पाहू शकतो की अमुक तारखेला अमुक डॉक्टरनं माझी फाईल उघडली. आपण त्या डॉक्टरकडं गेलोच नव्हतो, असं दिसलं तर तो तक्रार करतो आणि डॉक्टरला जाब द्यावा लागतो. मला या सगळ्या व्यवस्थेत ही एकच यादी फार मोलाची वाटते. आपली फाईल कुणी उघडली, हे आपल्याकडं प्राध्यापकालाही कळत नाही, मजुराचं तर सोडाच.

अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये २०१६ मध्ये मेडरेक नावाचा प्रयोग झाला, त्याचाही गाभा हाच. कागद दवाखान्यात, साखळीवर फक्त परवानग्या: कुणाला, कोणती माहिती, कुणी पाहू दिली. पुढं जगभर असे शेकडो निबंध निघाले. प्रत्यक्ष रुग्णाच्या हाती काही पडलं अशी उदाहरणं मात्र शोधावी लागतात.

भारत सरकारनं वाट वेगळी धरली. १५ ऑगस्ट २०२० ला सहा केंद्रशासित प्रदेशांत सुरुवात होऊन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर लागू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन ब्लॉकचेनवर चालत नाही. १४ आकडी आभा क्रमांक काढायचा, दवाखान्यानं आपली नोंद त्याला जोडायची. नोंद दवाखान्यातच राहते, दिल्लीत एका जागी गोळा होत नाही. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असली तर रुग्णाच्या मोबाइलवर विचारणा येते. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारची माहिती, कोणत्या तारखांची, कधीपर्यंत पाहायची, असं सगळं त्या संमतीपत्रात असतं. ठरल्या दिवशी संमती संपते, मधेच काढूनही घेता येते. आराखडा खरोखर चांगला आहे आणि तो राज्याची सीमा मानत नाही. बोधनची नोंद बिलोलीत उघडू शकते. आभा क्रमांकही देशात सत्तर कोटींच्या वर निघाले.

पण क्रमांक निघणं वेगळं आणि त्याला नोंद जोडली जाणं वेगळं. गल्लीतला डॉक्टर चिठ्ठी हातानं लिहितो, ती कुठल्याच संगणकात जात नाही. रांगेत शंभर माणसं उभी असताना सिस्टरनं केस पेपर भरायचा की स्क्रीनवर टाइप करायचं? उसाच्या तोडीला किंवा हैदराबादला बांधकामावर गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर वर्षात दोनदा बदलतो आणि ओटीपी जुन्या नंबरवर जातो. घरात मोबाइल एक आणि तो नवऱ्याच्या खिशात. बाईची संमती विचारणारा संदेश नवऱ्याला दिसणार आणि "हो"चं बटण तोच दाबणार. संमतीपत्रातले सगळे रकाने बरोबर भरलेले असतील, फक्त जिची संमती हवी तिला काही कळलेलं नसेल. ब्लॉकचेन आणलं तर हीच लटकी संमती कायमची पक्की होईल.

आणि गावात माहिती हॅकर फोडत नाही. दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर ती फुटते. कोण कुठल्या खोलीत गेला, कुणाला कसल्या गोळ्यांची पुडी मिळाली, हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची स्थिती कुणाला सांगता येत नाही, असा २०१७ चा कायदा आहे आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. टपरीवर तो कुणी वाचलेला नाही.

एवढं बोलून झाल्यावर या तंत्राची बाजूही घेतली पाहिजे. ती बाजू मला आधी दिसली ती बीडमुळं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांना विचारण्यात आलं, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. लक्षात घ्या, त्यासाठी गावोगाव जाऊन बायकांनाच विचारावं लागलं. शस्त्रक्रिया तर दवाखान्यांत झाल्या होत्या. का केल्या, आधी सोनोग्राफीत काय दिसलं होतं, दुसरा उपाय करून पाहिला होता का, याची उत्तरं ज्या कागदांत असायला हवीत ते कागद शस्त्रक्रिया करणाऱ्याच्याच कपाटात. असले तर असले, नसले तर नसले, आणि चौकशी लागल्यावर लिहिले गेले तरी कोण ओळखणार?

इथं ठशाची साखळी कामाची आहे. शस्त्रक्रियेच्या आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट निघाला त्याच मिनिटाला त्याचा ठसा बाहेरच्या साखळीवर गेला असता, तर मागाहून रिपोर्ट तयार करता आला नसता, असलेला फिरवता आला नसता. अशी नोंद गरिबाच्या बाजूनं उभी राहते. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात वाद झाला की आज डॉक्टरकडं फाईल असते आणि रुग्णाकडं आठवण. प्रामाणिक डॉक्टरलाही हे सोयीचंच. नातेवाईक दवाखान्यात धुडगूस घालतात तेव्हा आपण अमुक वाजता अमुक औषध दिलं होतं, हे सांगायला त्याच्याकडंही न बदलता येणारा पुरावा असेल.

खरी नोंद मिळणं किती अवघड आणि ती मिळाली की काय होतं, हे सध्या मराठवाड्याइतकं कुणाला माहीत नसेल. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती २०२३ मध्ये नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी निजामकाळातल्या उर्दू, मोडी दप्तरांत कुणबी नोंदी शोधणं सुरू झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा शासननिर्णय निघाला. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनानं लिहिलेला एक शब्द आज नातवाच्या ॲडमिशनचा प्रश्न होऊन बसला आहे. आणि ब्लॉकचेनवर सरकारी दाखले देण्याचा महाराष्ट्रातला एक गाजलेला प्रयोगही जातीच्या दाखल्यांचाच. २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत प्रशासनानं ६५ हजार जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या साखळीशी जोडायचं ठरवलं. दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की दाखला खरा की बनावट ते कळावं, हा हेतू. त्याच्याआधी राज्याच्या कौशल्य मंडळानं पदविकांसाठी हेच केलं होतं. दाखला बनावट नाही एवढं यातून कळतं. दाखल्यावर जे लिहिलं ते खरं आहे का, हे साखळीला कधीच कळत नाही. लॅबनं रक्त न तपासताच "नॉर्मल" लिहिलं, तर साखळी तो खोटा "नॉर्मल" इमानेइतबारे जपून ठेवील.

औषधांच्या बाबतीत हा मार्ग अधिक सरळ जातो, असं मला वाटतं. नीती आयोगानं २०१८ मध्ये अपोलो, ओरॅकल आणि स्ट्राइड्स यांच्याबरोबर औषधाच्या प्रवासाची साखळीवर नोंद ठेवण्याचा प्रयोग हाती घेतला, आणि जानेवारी २०२० च्या आपल्या ब्लॉकचेन धोरणाच्या मसुद्यात त्याबद्दल लिहिलं. कर्नाटकात केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या मदतीनं सरकारी औषधपुरवठ्यासाठी अशी व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडं २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांच्या तपासात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचं पुढं आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातल्या बनावट गोळ्यांचा गुन्हा दाखल झाला. गोळीची पेटी कारखान्यातून निघाली, कुणाकुणाच्या हातून गेली, कुठं तिचा माग तुटला, हे सांगायला कुणाचं गुपित उघडं करावं लागत नाही. पेटीला लाज नसते. माझ्या हातात असतं तर मी सुरुवात तिथून केली असती.

पण विषय फाईलचा आहे. ती दोन राज्यांमधून फिरते, आणि साखळीचा खरा उपयोग अशाच ठिकाणी असतो. सगळे कागद एकाच खात्याचे असतील तर साधा संगणक पुरतो. एका खात्याच्या दहा संगणकांवर ब्लॉकचेन चालवणं म्हणजे एकाच तलाठ्याला दहा वह्या देणं. दहाही तोच लिहिणार. इथं महाराष्ट्राचं आरोग्य खातं, तेलंगणाचं आरोग्य खातं, दोन विमा योजना, खाजगी दवाखाने आणि लॅबवाले असे सगळे आहेत, आणि एकाचा दुसऱ्यावर पुरता भरवसा नाही. संमती कुणी दिली, फाईल कुणी उघडली, रिपोर्ट कधी निघाला, एवढ्या तीनच गोष्टी सगळ्यांच्या साखळीवर असाव्यात. प्रत प्रत्येकाकडं, पुसण्याचा अधिकार कुणालाच नाही. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये 'विश्वस्य' नावाची ब्लॉकचेन सुविधा सुरू केली. तिची यंत्रणा एनआयसीच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या केंद्रांवर चालते. म्हणजे बिलोलीच्या फाईलसाठी एक प्रत पुण्यात, एक हैदराबादेत, अशी सोय आधीच झालेली आहे. दोन राज्यांनी एका टेबलावर बसणं बाकी आहे, आणि तेच कुठल्याही तंत्रापेक्षा अवघड.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांतली १२ नवजात बाळं. रुग्ण लांबून, अत्यवस्थ होऊन येतात, असं तेव्हा सांगण्यात आलं. ब्लॉकचेननं ती बाळं वाचली असती, असं म्हणणं निर्लज्जपणाचं होईल. औषध, खाटा, माणसं नसतील तर नोंद काय करणार? पण रेफर होऊन आलेल्या बाळाबरोबर काय कागद येतो, आधीच्या दवाखान्यात किती वाजता काय दिलं होतं, हे डॉक्टरला आल्या क्षणी दिसलं पाहिजे. एवढी मागणी तरी रास्त आहे.

ते रुग्णालय आणि त्याचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीला आहे. श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थाही विष्णुपुरीलाच, आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही तिथंच. शिकाऊ डॉक्टर, संगणकाची पोरं आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी हाकेच्या अंतरावर राहतात. सगळ्या रोगांची, सगळ्या जिल्ह्याची योजना आखत बसू नका. बिलोली, देगलूर, धर्माबाद या तीन तालुक्यांतल्या गरोदर बायका घ्या. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, सोनोग्राफी, आधीचं सिझर, एवढे पाच रकाने. मराठी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही भाषांत वाचून दाखवणारा फोन. संमती विचारायची ती बाईला, आशाताईसमोर, नवऱ्याच्या मोबाइलला नव्हे. वर्षभर चालवा आणि काय फसलं ते छापा.

ते होईल तेव्हा होईल. वाचकांनी तोवर एक करावं. कागद डॉक्टरकडं असला तरी त्यातली माहिती रुग्णाची आहे, आणि रुग्णाला नोंदी द्याव्याच लागतात, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, मागितल्यावर ७२ तासांत देणंही. सुट्टी घेताना बिलाबरोबर फाईलची प्रत मागा. देत नसतील तर अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. आणि घरी आल्यावर प्रत्येक पानाचा फोटो काढून तो घरातल्या बाईच्याही मोबाइलमध्ये ठेवा.